बॅटरी भरलेली, तरी फ्रीज बंद

प्रश्न : ट्रॅव्हलर गाडीचं कॅम्पर (आत राहता येईल अशी गाडी) करून घेतलंय. तोरणमाळला मुक्काम केला की बॅटरीचं मीटर १२.६ दाखवतं, तरी १२ व्होल्टचा फ्रीज रात्री सारखा बंद पडतो. वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. आता काय बदलू?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : बॅटरी तर अजिबात बदलू नका. १२.६ हा बॅटरी निवांत असतानाचा आकडा. फ्रीज चालू असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग फ्रीजमागच्या कनेक्टरवर. पाव व्होल्टचा फरक चालेल. इथे १२.४ आणि तिथे ११.६ आलं, तर पाणी वायरीत मुरतंय.

फर्निचरवाले बऱ्याचदा घरच्या वायरिंगचीच दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढतात. फ्रीज ५ मीटरवर असला तरी जाऊन-येऊन वायर १० मीटर होते. ५ अँपिअरला तिच्यात ०.६ व्होल्टच्या वर जातात, कंप्रेसर उचलताना आणखी जास्त, आणि नेमका तेव्हाच लो-व्होल्टेज कट-ऑफ (व्होल्टेज कमी झालं की फ्रीज बंद करणारी सोय) पडतो. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाका, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीलगत लावा. निगेटिव्हही वायरनेच बॅटरीपर्यंत न्या, चेसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) सोडू नका.

वायर जाड असूनही फरक राहिला, तर फ्रीज चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर आणि दुसरी त्याच पोस्टवरच्या लगवर (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) टेकवा. आकडा शून्याजवळ हवा. ०.१ आला तरी लग काढा, आत हिरवट-पांढरा थर सापडेल. पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. फ्यूजहोल्डर आणि स्विचही असेच तपासा.

बॅटऱ्या मेल्या कशाने, हेही बघायला हवं. २५ अंशांना १४.४ व्होल्ट चार्जिंग ठीक असतं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना १३.९ च्या आसपासच हवं. चार्जर तापमान बघून व्होल्टेज कमी करत नसेल, तर पाणी उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी झाकणं उघडून बघा, डिस्टिल्ड वॉटरच घाला.

प्रश्न : रावेरला केळीच्या मळ्यात थांबल्यावर पाण्याच्या मोटारीच्या बोर्डावरून चार्जर लावला तर चालेल?

उत्तर : मोजल्याशिवाय नको. तिथे थ्री-फेज असतं; न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल असला तर २३० च्या जागी ३०० च्याही वर येऊ शकतं. मीटर एसीवर ठेवून फेज-न्यूट्रल मोजा : २१० ते २५० हवं. न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. मग मळेवाल्याला मोटार चालू-बंद करायला सांगून पुन्हा मोजा. आकडा उसळला, तर प्लग घालू नका. नीट असला तरी मध्ये ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ हवाच, कारण न्यूट्रल रात्रीतूनही सुटतो.