उपवासकाळ : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

उपवासकाळ म्हणजे ईस्टरच्या तयारीचे ४० दिवस. २०२७ साली राखेचा बुधवार, म्हणजे कपाळाला राख लावून हा काळ सुरू करण्याचा दिवस, १० फेब्रुवारीला येतो आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) २८ मार्चला. म्हणजे नाताळचे तारे उतरवून होतात न होतात तोच जांभळी वस्त्रं बाहेर काढायची. त्यामुळे यंदा प्रश्न लवकर आले. सारखे होते ते एकत्र केले आहेत.

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) उपवासकाळ म्हणजे कार्यक्रमांची रांग असते. दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या १४ स्थानांपुढची प्रार्थना), रिट्रीट, गायनस्पर्धा, नाटक. ईस्टर येईपर्यंत कार्यकर्त्यांचा जीव मेटाकुटीला येतो आणि मनात मात्र काहीच हललेलं नसतं. नवं काय करता येईल? (पॅरिश कौन्सिलचे एक सदस्य, वसई)

नवं काही करू नका. आधी दोन कार्यक्रम रद्द करा. मग कॅलेंडर उलट्या बाजूने वाचा.

२७ मार्चच्या रात्री, पास्का जागरणात (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत), प्रवचनानंतर सगळे पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे राहतात आणि फादर विचारतात, सैतानाचा धिक्कार करता का? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का? आपल्या बाप्तिस्म्याच्या वेळी आई-बाप आणि देवमाता-देवपिता (बाप्तिस्म्याचे धर्मपालक) यांनी आपल्या वतीने दिलेली ती उत्तरं. उपवासकाळाचे ४० दिवस त्या मिनिटभराच्या प्रश्नोत्तरांची तयारी असतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपवासकाळाचे दोन हेतू सांगितले, बाप्तिस्म्याची आठवण आणि प्रायश्चित्त. आपण दुसरा घट्ट धरला आणि पहिला विसरलो. म्हणून सगळं दमवणारं होतं.

करायचं काय? पहिल्या आठवड्यात प्रत्येक घराने आपापल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधावी. चर्चच्या कार्यालयातल्या नोंदवहीत ती असते. पूर्ण नाव, आई-वडिलांची नावं आणि अंदाजे वर्ष कागदावर लिहून द्या. ‘बघा ना जरा’ म्हणून खिडकीशी उभं राहिलं की काम होत नाही. जन्म दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल तर नोंद तिथे.

दुसरं, उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी ‘अ’ वर्षाची वाचनं घ्या (चर्चमधली रविवारची बायबलवाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्राने येतात). २०२७ हे ‘ब’ वर्ष असलं तरी त्याला मुभा आहे. विहिरीवरची शमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाझरस, योहानाचे ४, ९ आणि ११ हे अध्याय. पाणी, उजेड आणि जीव, म्हणजे बाप्तिस्म्याचा सगळा ऐवज. ही शुभवर्तमानं लांब आहेत, तेव्हा प्रवचन आखूड ठेवावं लागेल. दोन्ही लांब झाली की लोक घड्याळाकडे बघतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

तिसरं काम आळीचं. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करा आणि दर रविवारच्या मिस्सेनंतर (मुख्य उपासनेनंतर) सेवकांनी चर्चमधून थेट त्यांच्या घरी कम्युनियन (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) न्यावं. थेट म्हणजे थेट, वाटेत बाजारहाट नाही. घरच्यांनी लहान टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पिण्याच्या पाण्याचा पेला ठेवावा आणि टीव्ही बंद करावा. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास आजाऱ्यांना, वृद्धांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना लागू नाही, तेव्हा औषधाची किंवा पेजेची वेळ चुकवू नका. अनेक घरांत गोंधळ होतो तो वेळेवरून. ‘सकाळी येऊ’ सांगून दुपारी गेलात तर म्हातारं माणूस आठ वाजल्यापासून न्हाऊन-माखून वाट बघत बसतं. अर्ध्या तासाच्या अंतराने वेळ सांगा आणि ती पाळा.

२०२५च्या ज्युबिली वर्षाचे (कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाचे) ‘आशेचे यात्रेकरू’ लिहिलेले बॅनर काही ठिकाणी अजून लटकत असतील. आमच्या मते ती आशा या भेटींत जास्त दिसते.

राख घरीच करावी असं फादर म्हणाले. गेल्या वर्षी केली तर ती पांढरट झाली, कपाळावर दिसलीच नाही. दोघातिघांच्या कपाळाला आगही झाली. काय चुकलं? (सांक्रिस्तान, म्हणजे चर्चमधल्या विधींची मांडामांड करणारा, नाव नको)

दोन वेगवेगळ्या चुका आहेत. पांढरट राख म्हणजे झावळ्या मोकळ्या हवेत पूर्ण जळाल्या. काळी राख हवी तर जळताना हवा तोडावी लागते. आणि आग झाली ती बहुधा राखेत पाणी घातल्यामुळे. झाडपाल्याच्या राखेत क्षार असतात. पाण्यात ते विरघळले की खळ अल्कधर्मी होते आणि त्वचा जाळते. जितकी राख जास्त आणि खळ जितकी जास्त वेळ ठेवलेली, तितका त्रास अधिक.

रीत अशी. गेल्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित झालेल्या झावळ्या जानेवारीच्या शेवटी लोकांकडून गोळा करा. त्यावरच्या रिबिनी, टाचण्या, प्लास्टिकचे धागे काढून टाका. माडाच्या झावळीतले हीर वेगळे करा, कारण ते पातीबरोबर जळत नाहीत आणि मग कपाळाला टोचतात. (हिरांचा खराटा करायचा मोह आवरा, ते आशीर्वादित आहेत. वेगळे जाळून मातीत मिसळा.) पाती बोटभर कापून दिवसभर उन्हात टाका. पहाटेच्या दवाने त्या दमट झालेल्या असतात आणि दमट पातीचा नुसता धूर होतो.

लोखंडी कढईत थोड्या थोड्या पाती पेटवा. रॉकेल घालू नका, त्याचा वास राखेला राहतो. ज्वाळा खाली बसत आल्या, पाती काळ्या पडून आकसल्या की घट्ट झाकण ठेवा. नेमकी हीच वेळ साधायची असते. उशीर केला की राख पांढरी. झाकलेली कढई रात्रभर तशीच राहू द्या, आत निखारा असतो आणि झाकण लवकर काढलं तर तो पुन्हा फुलतो. सकाळी खलबत्त्यात कुटून मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. एक किलो सुक्या पातींतून अर्ध्या वाटीच्या आसपास राख धरा. प्रत्येकाला चिमटीच्या टोकाएवढीच लागत असल्याने ती बऱ्याच लोकांना पुरते.

राख कोरडीच वापरा. अंगठ्याला चिकटत नसेल तर अर्ध्या वाटीला खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलाचे चार-पाच थेंब पुरेत. आशीर्वादाच्या वेळी फादर पवित्र पाणी शिंपडतात तेवढं चालतं, पण चमच्याने पाणी ओतून खळ करू नका. टाळूवर कोरडी राख भुरभुरण्याची पद्धतही तितकीच जुनी आहे. उरलेली राख केराच्या डब्यात नव्हे, चर्चच्या आवारातल्या मातीत.

वय ६१, मधुमेह आहे. घरात वाद असा की शुक्रवारी सुके बोंबील चालतात का, आणि मी उपवास करायचा की नाही? (वाचक भगिनी, नालासोपारा)

बोंबील चालतात. मांसवर्ज्य म्हणजे मटण, कोंबडी, डुक्कर यांचं मांस नको. मासळी, अंडी, दूध यांना बंदी नाही. हा नियम उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारांना लागू आहे आणि वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून तो पाळायचा. त्याला वरची मर्यादा नाही. १९ मार्च २०२७ला शुक्रवार आहे, पण त्या दिवशी संत योसेफाचा महोत्सव (सर्वांत मोठ्या दर्जाचा सण) असल्याने मांसवर्ज्य बंधनकारक नाही.

उपवास वेगळा. तो फक्त राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), वयाच्या १८पासून ५९ पूर्ण होईपर्यंत. म्हणजे तुम्ही त्यातून आधीच मोकळ्या आहात, आणि मधुमेहामुळे दुप्पट मोकळ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण टाळलं तर घाम फुटतो, हातपाय कापतात, भोवळ येते. त्यात तप नाही, धोका आहे.

ज्यांना उपवास आहे त्यांच्यासाठी एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खाणं. सकाळी चहा आणि अर्धी भाकरी, दुपारी वरणभात आणि वालाची भाजी, रात्री वाटीभर पेज, असं धरा. शेजारच्या घरी उपवासाला साबुदाणा असतो, म्हणून आपल्याकडेही विचारणा होते. तिथे पदार्थ बदलतो, इथे मुख्यतः प्रमाण बदलतं. तूप आणि दाणे घातलेली ताटभर खिचडी हा आपला उपवास नव्हे. शुक्रवारी सगळ्या घराने तळलेल्या पापलेटावर ताव मारला तरी नियम मोडत नाही, मात्र काय साधलं ते ज्याने त्याने बघावं.

तुम्ही एक करू शकता. शुक्रवारी अर्ध्या किलो मटणाचा त्या दिवशीचा भाव विचारा आणि तेवढे पैसे डब्यात टाका. ‘उरले तर टाकू’ म्हटलं की डबा रिकामा राहतो. कॅरिटास इंडिया या कॅथलिक सेवासंस्थेची भूकविरोधी मोहीम उपवासकाळात देशभर चालते, किंवा आळीत कोणाचं औषध अडलं असेल तर तिथे द्या.

१७ वर्षं पापनिवेदन (कन्फेशन) केलेलं नाही. जावंसं वाटतं, पण प्रार्थना आठवत नाही आणि फादर ओळखीचे आहेत. (एक वाचक, पुणे)

ओळखीच्या फादरांकडे जाण्याची सक्ती नाही. शेजारच्या धर्मग्रामात जा, जाळीआडून बोला. पापनिवेदनाची गुप्तता फादरांना कोणत्याही कारणाने मोडता येत नाही.

आदल्या दिवशी अर्धा तास काढा. दहा आज्ञा समोर ठेवून, लग्न, नोकरी, आई-वडील, पैसा अशा टप्प्यांनी १७ वर्षं चाळा. गंभीर पापं प्रकार आणि साधारण संख्या सांगून बोलायची असतात. ‘काही वर्षं, महिन्यातून एखाद्या वेळी’ एवढं पुरे, अचूक हिशेब कोणी मागत नाही. कागदावर लिहून नेलंत तरी हरकत नाही, नंतर तो फाडून टाका. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा : ‘फादर, शेवटचं पापनिवेदन १७ वर्षांपूर्वी, प्रार्थना आठवत नाहीत, मदत करा.’ पुढचं ते बघतील. पश्चात्तापाची प्रार्थना स्वतःच्या शब्दांत म्हटली तरी चालते.

लोक सहसा दोन ठिकाणी अडतात. एक, सवयींची कारणं सांगत बसतात आणि पाप सांगायचं राहून जातं. दुसरं, घरी आल्यावर काही आठवतं आणि सगळं वाया गेलं असं वाटतं. प्रामाणिकपणे विसरलेलं पापही क्षमेत आलं. ते गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगा. आणि पवित्र आठवड्याची (ईस्टरच्या आधीच्या आठवड्याची) वाट पाहू नका. त्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात, आणि तुम्हाला वीस लागतील. तिसऱ्या आठवड्यातला एखादा साधा वार बघा, आधी फोन करून वेळ मागा.

थोडक्यात : दाराशी असलेली पवित्र पाण्याची पात्रं उपवासकाळात रिकामी करायची नसतात, आणि त्यात वाळू तर मुळीच भरायची नाही. ती पात्रं आज्ञा गुरुवारच्या (उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवसाच्या) मिस्सेनंतर रिकामी होतात. वेदीवर फुलं नकोत, चौथा रविवार, महोत्सव आणि सण सोडून. आल्लेलुया हा जयघोष पास्का जागरणापर्यंत नाही, ‘हळू आवाजात’सुद्धा नाही. क्रूस पाचव्या रविवारपासून झाकता येतात, क्रुसाच्या वाटेची १४ स्थानं मात्र झाकत नाहीत. लग्न उपवासकाळात लागू शकतं, थाट बेताचा ठेवा. उत्तम शुक्रवारी आणि पवित्र शनिवारी मात्र नाही.

पास्का जागरण आम्ही आवारात करतो. समुद्राचा वारा असतो, मेणबत्त्या विझतात, बाप्तिस्म्याच्या वचनांच्या वेळी निम्मे लोक विझलेल्या वाती घेऊन उभे असतात. (युवा गट, उत्तर वसई)

विधी अंधार पडल्यावरच सुरू व्हायला हवा. मार्चअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो, तेव्हा साडेसातच्या आधी सुरुवात नको. विधीच्या सुरुवातीच्या शेकोटीची जागा भिंतीच्या आडोशाला घ्या. मेणबत्तीला पुठ्ठ्याची नुसती चकती न लावता कागदी पेला लावा. पेल्याच्या बुडाला छेद देऊन मेणबत्ती खालून वर सरकवा आणि वात काठाच्या बोटभर खाली राहील अशी ठेवा. पेला फार उंच झाला तर काठ पेट घेतो.

खरी फजिती दुसऱ्यांदा पेटवताना होते. पास्काच्या घोषणेनंतर (सुरुवातीला गायल्या जाणाऱ्या स्तुतिगीतानंतर) मेणबत्त्या विझवून लोक वाचनांना बसतात. जुन्या करारातली सातही वाचनं घेतली तर मधे तासभर जातो. त्या वेळात लहान मुलांच्या मेणबत्त्या बाकांखाली पोचतात. म्हणून दर चार ओळींमागे एक कार्यकर्ता नेमा. प्रवचन संपताच त्यांनी पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून ज्योत घेऊन ओळीच्या टोकाशी उभं राहावं आणि सगळीकडे ज्योत पोचेपर्यंत फादरांनी पहिला प्रश्न विचारू नये. हे त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवा.

मेण कपड्यांवर सांडतं ते पेटती मेणबत्ती वाकवल्यामुळे. पेटती सरळ धरा. विझलेलीने तिच्याकडे वाकायचं.