व्ही-क्रॉसला मोठे टायर बसवायचे तर लिफ्ट किती घ्यावी?

साताऱ्यातल्या एकाने विचारलंय: इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, सध्या 255/60 आर18 टायर, बसवायचेत 265/65 आर18 आणि गॅरेजवाले तीन इंची लिफ्ट (सस्पेन्शन उंचावणं) सुचवतायत. माझं मत विचाराल तर तीन इंच नकोच, दीड-दोन इंचांत बहुतेक भागतं.

नव्या टायरचा व्यास सुमारे 39 मिमी जास्त. म्हणजे मागच्या एक्सलखाली 19-20 मिमीच वाढतात, लिफ्ट कितीही घ्या. लिफ्टने बॉडी उचलली जाते, एक्सल नाही.

टायर घासतो तो स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना चाक वर दाबलं गेलं की. म्हणून एक नवा टायर पुढे चढवून बघा. ते चाक रॅम्पवर घ्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, लायनर (चाकावरचं आतलं प्लास्टिक) आणि मडफ्लॅपपाशी किती बोटं जागा उरते ते गाडी बंद करून चाचपा. खरं माप तिथेच कळतं.

पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. जास्त उचललं की चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, त्यांच्या टोकाचे सीव्ही जॉइंट आणि त्यांवरचे रबरी बूट लवकर जातात. उंची वाढवायला नुसते स्पेसर (मध्ये घालायचे ठोकळे) स्वस्त पडतात, पण पैसे असतील तर स्प्रिंग-शॉकअपचा जुळलेला सेटच घ्या. मागचे पाटे कडक करायचे का, हे हौद्यात नेहमी किती ओझं असतं त्यावर ठरवा. कडक पाट्यांवर रिकामी गाडी उगाच आदळेल.

अलाइनमेंट लगेच करा. स्पीडोमीटर आजच्यापेक्षा कमी दाखवेल, आज जिथे 80 दिसतात तिथे वेग 84 असेल. यवतेश्वर घाटात वळणावर गाडी जास्त कलेल, तेव्हा वेग आवरा. आणि गाडीत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.