गोठा, शेड आणि कांदाचाळीचा विमा काढताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कोंबड्यांची शेड उभी राहिली, गोठ्यावर नवे पत्रे चढले, कांदाचाळही भरली. बँकेच्या साहेबांनी ‘विमा आम्हीच काढलाय’ असं सांगितल्यामुळे तू निर्धास्त झालास, हे तुझ्या पत्रावरून कळलं. त्या पॉलिसीची प्रत अजून तू पाहिलेली नाहीस, हेही कळलं. उद्याच्या उद्या शाखेत जा आणि प्रत माग. ती तुझा हक्क आहे, कारण तिचा हप्ता तुझ्याच खात्यातून गेला आहे.

प्रत हाती आली की चार ठिकाणी बोट ठेवून वाच. विम्याची रक्कम किती, मालमत्तेचं वर्णन काय, ठिकाण कोणतं आणि मुदत कधी संपते. बँकेने काढलेल्या विम्यात रक्कम बहुतेक वेळा कर्जाएवढीच धरलेली असते, शेडच्या किमतीएवढी नसते. ठिकाणाच्या रकान्यात कधी बँकेच्या शाखेचा पत्ता असतो, कधी तुझ्या गावातल्या घराचा, आणि शेड मात्र मळ्यात भलत्याच गटात उभी असते. पॉलिसीवर गट नंबर, गाव, तालुका आणि जमलं तर नकाशावरचे अक्षांश-रेखांश लिहून घे. नाहीतर दाव्याच्या वेळी नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर विचारतो, विमा उतरवलेली इमारत हीच कशावरून? आणि बँकेचा बोजा आहे तोवर भरपाईचे पैसे आधी कर्जखात्यात जातात, हेही लक्षात ठेव. रक्कम फक्त कर्जाएवढी असेल तर कर्ज फिटेल आणि तुझ्या हाती पडलेले खांब उरतील.

आता रकमेचं गणित, कारण सगळ्यात जास्त दावे इथेच कापले जातात. समज, तुझी शेड ३० फूट रुंद आणि २०० फूट लांब, म्हणजे ६,००० चौरस फूट. आज तशीच शेड नव्याने बांधायला चौरस फुटाला ३०० रुपये धरले तर १८ लाख लागतात. विमा आहे ११ लाखांचा. वावटळीत चार लाखांचं नुकसान झालं. तू म्हणशील, ११ लाखांच्या विम्यात चार लाख सहज बसतात. पण कंपनी ११ भागिले १८ या प्रमाणात पैसे देते. म्हणजे साधारण २ लाख ४४ हजार, आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेला स्वतः सोसायचा भाग वजा होतो. याला अपुरा विमा म्हणतात.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरावीक मसुद्याच्या पॉलिसी आणल्या. एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे, आणि तुझी शेड व गोठा त्यात बसतात. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात १५ लाख ३० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचा विमा असता तर या कारणाने कपात झाली नसती. लोखंड आणि सिमेंटचे भाव दरवर्षी हलतात, म्हणून नूतनीकरणाला मागच्या वर्षीची रक्कम तशीच पुढे ढकलू नकोस. फॅब्रिकेटरकडून ताजं कोटेशन घे आणि त्यावर रक्कम ठरव. जोतं आणि पाया धरायचा की नाही, तेही लिहून ठरव. पुराच्या पट्ट्यात धरलेला बरा.

राहत्या घरासाठी वेगळी पॉलिसी आहे, ‘भारत गृह रक्षा’. तिच्यात अपुऱ्या विम्याची कपात अजिबात नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. कुंपणभिंत, गोबरगॅस, पाण्याची टाकी, छतावरचे सौर पॅनेल हे घराबरोबर धरता येतात. पण घराच्या पॉलिसीत दुधाच्या धंद्याचा गोठा किंवा कोंबड्यांची शेड घुसवायचा मोह धरू नकोस. ‘एकाच आवारात आहे, चालतंय’ असं एजंट म्हणाला तरी दाव्याच्या वेळी तो तुझ्याबरोबर उभा नसेल.

गोठा, शेड, कांदाचाळ, अवजारांची खोली, मोटारीची खोली, चाऱ्याची शेड ही प्रत्येक इमारत वेगळ्या ओळीत लिही. पुढे लांबी-रुंदी, भिंत कशाची, छप्पर कशाचं, बांधल्याचं वर्ष आणि रक्कम. ‘शेतातील सर्व बांधकामे, २५ लाख’ अशी एकच ओळ लिहिलीस तर कुठल्या इमारतीला किती, यावरच वाद सुरू होईल. कांदाचाळीच्या बाबतीत विशेष जप. तिच्या बाजू बांबूच्या असतात, आणि बांबू, गवत, ताडपत्री, प्लॅस्टिक यांच्या भिंती किंवा छप्पर असलेलं बांधकाम विम्याच्या भाषेत कच्चं धरलं जातं. कच्च्याचा दर वेगळा, अटी वेगळ्या. वर सिमेंटचे पत्रे आहेत म्हणून ‘पक्कं’ लिहून टाकलंस तर चुकीची माहिती दिली म्हणून दावा अडकेल. आहे तसं लिही, चाळीचे फोटो जोड आणि कंपनीचा होकार लेखी घे.

चाळ वेगळी आणि चाळीतला कांदा वेगळा. कांद्याचा विमा हवा तर साठा म्हणून स्वतंत्र रक्कम लाव, आणि ती चाळ पूर्ण भरलेली असतानाच्या किमतीवर लाव. कांदा सडला, कोंब आले, वजन घटलं तर या विम्यातून काही मिळत नाही. आग लागली, पूर आला, वादळाने छप्पर उडून साठा भिजला, तर मिळतं. तेच कोंबड्यांचं. करारावर कोंबड्या पाळल्यास पक्षी ते पुरवणाऱ्या कंपनीचे असतात, शेड तुझी. पक्ष्यांचा विमा कोणी काढायचा, ते करारात वाच. जनावरांचा विमा तर पूर्ण वेगळा आणि कानातल्या बिल्ल्यावर चालतो. गोठा कोसळून म्हैस दगावली तर गोठ्याच्या पॉलिसीतून म्हशीचे पैसे येत नाहीत. पीकविम्यातही बांधकामाला जागा नाही. पॉलीहाऊस किंवा शेडनेट पुढे केलंस तर सांगाडा आणि वरचा कागद वेगवेगळा लिहून घे, कारण कागदाचं आयुष्य कमी असतं आणि त्यावर घसारा, म्हणजे जुनं झाल्याची घट, भराभर लागतो. सौर पंप राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला असेल तर त्याला पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा योजनेतच आहे. त्याचे पैसे दुसऱ्यांदा भरू नकोस, फक्त पॅनेलचे नंबर लिहून ठेव.

सरकारी मदतीचं म्हणशील तर ती मदत आहे, भरपाई नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत घराला लागून असलेल्या गोठ्यासाठी ३,००० रुपये ठरवले होते. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. राज्य सरकार कधी वाढीव मदत जाहीर करतं, पण त्या भरवशावर १८ लाखांची शेड उघडी ठेवू नये. मदत मिळाली म्हणून विम्याचा दावा बाद होत नाही, तेव्हा पंचनामा दोन्हीसाठी करून घे.

पॉलिसीत आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड ही संकटं आहेत. गारपिटीचा शब्द स्वतंत्रपणे आला आहे का, ते बघ. नसेल तर ‘वादळाबरोबरची गारपीट यात धरली आहे का’ असा ईमेल कंपनीला कर आणि उत्तर जपून ठेव. सिमेंटच्या पत्र्यांना आणि पॉलीहाऊसला गारांचाच मार मोठा असतो. शॉर्टसर्किटचंही नीट समजून घे. मोटार किंवा स्टार्टर आतल्या आत जळला तर आगीच्या विम्यात त्याचे पैसे नसतात, त्याला यंत्रबिघाडाचा विमा लागतो. त्या ठिणगीने शेड पेटली तर शेडचे पैसे मिळतात. आणि इमारत सलग ३० दिवसांहून जास्त रिकामी राहिली तर काय, हे कलम शोध. आगीच्या विम्यात ते जुन्या काळापासून आहे. पक्ष्यांच्या दोन बॅचमध्ये शेड जास्त दिवस रिकामी राहणार असेल तर कंपनीला आधी कळव.

आता पत्रे का उडतात ते सांगतो, कारण सर्व्हेअर तिथेच पाहतो. कोंबड्यांच्या शेडच्या बाजू जाळीच्या, उघड्या. वारा आत शिरला की पत्र्याला खालून वर ढकलतो, आणि छपरावरून जाणारा वारा त्याच वेळी पत्र्याला वर ओढतो. दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. हा ताण पागोळीच्या कडेला आणि दोन्ही टोकांच्या पत्र्यांवर सगळ्यात जास्त असतो. तिथला एक पत्रा सुटला की वाऱ्याला तोंड मिळतं आणि मग ओळीने पत्रे जातात. त्यात कोंबडीच्या खतातला आणि गोमूत्रातला अमोनिया लोखंड खातो. पत्रा धरून ठेवणारा जे-हूक वरून चांगला दिसतो, पण पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडाला, जिथे वळसा घालतो तिथे पातळ झालेला असतो. खांबाची तळपट्टी ओल्या मुरुमात गाडलेली असेल तर तीही तशीच कुजते. दरवर्षी फाल्गुनात शिडी लावून कडेचे आणि टोकांचे हूक हाताने हलवून बघ. सैल झालेले, गंजलेले बदल, वॉशर नवे घाल. सिमेंटचा पत्रा असेल तर बोल्ट मर्यादेबाहेर आवळू नकोस, भोकापासून तडा जातो. बदललेल्या हुकांचा तारखेसह फोटो आणि दुकानाचं बिल जपून ठेव. ‘झीज’ आणि ‘देखभालीत हयगय’ या कारणांनी जी कपात होते तिला हाच पुरावा उत्तर देतो.

विमा मार्चमध्येच काढ. वळीव एप्रिल-मेमध्ये येतो आणि आपल्याकडे छपरं उडतात ती बहुतेक त्याच वावधानात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पावसाळ्याची तयारी जेमतेम सुरू होती. वादळाचा इशारा निघाला की कंपन्या अनेकदा नवे प्रस्ताव घेणं थांबवतात. शिवाय हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून चेकपेक्षा थेट खात्यातून भर आणि पावतीवरची वेळ बघ.

नुकसान झालंच, तर त्याच दिवशी फोन कर, तक्रार क्रमांक घे आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठव. काही हलवण्याआधी चारही बाजूंनी आणि लांबून फोटो, व्हिडिओ घे. पडलेले पत्रे मोज. त्यानंतर उरलेला माल वाचवायला ताडपत्री टाकावीच लागते, तो खर्च लिहून ठेव. भंगारवाल्याला मात्र सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फाटकाशी उभं करू नकोस. भंगाराची किंमत दाव्यातून वजा होते, आणि माल दिसला नाही तर नुकसानच सिद्ध होत नाही.

तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते पंचनामा करतील तेव्हा ‘शेडचे अंशतः नुकसान’ एवढ्यावर भागवू देऊ नकोस. गट नंबर, शेडचं माप, किती पत्रे, छपराच्या किती कैच्या, कशाने आणि किती वाजता, हे त्यात यायला हवं. वारा खरोखर किती होता यावर वाद झाला तर तुझ्या महसूल मंडळातल्या महावेध या हवामान केंद्राची त्या दिवसाची नोंद काढ. स्थानिक दैनिकातलं कात्रणही लाव. आग असेल तर पोलीस पंचनामा आणि अग्निशामक गाडी आली असल्यास तिचा दाखला. गाडी साखर कारखान्याची असेल तर कारखान्याचा. महावितरणच्या तारेमुळे आग लागली असेल तर विद्युत निरीक्षकांचा अहवाल लागतो. पुरात भिंतीवर पाण्याची खूण वाळायच्या आत टेप लावून फोटो काढ. मातीची भिंत पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी बसते, आणि तेव्हा ‘पुराचा संबंध काय’ असं विचारलं जातं. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठी हे वेगळं सांगावं लागत नाही.

मालकीच्या कागदांचं आजच बघ. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आणि पॉलिसी तुझ्या नावावर असेल, तर विमाहित कोणाचं, म्हणजे इमारत पडली तर तोटा नक्की कोणाचा, हा प्रश्न येतो. वारस नोंद करून घे. ती होईपर्यंत सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतिपत्र, कर्जाचे कागद, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि वीजबिल एकत्र ठेव. बांधकामाची बिलं घरातल्या पेटीत न ठेवता फोटो काढून मोबाईलवर आणि एका नातेवाईकाकडेही पाठव. घरच जळालं किंवा बुडालं तर पेटी उपयोगाची नाही.

देऊ केलेली रक्कम पटली नाही तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर घाईने सही करू नकोस. आधी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत माग आणि हरकत लेखी दे. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या राज्यात ही कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं.

प्रस्तावाचा फॉर्म भरून झाला की सही करण्याआधी त्याचे फोटो मला पाठव. इमारतींची यादी, मापं आणि गट नंबर मी एकदा सातबाऱ्याशी ताडून बघतो.

कळावे.
तुझा,
काका