हेडलाइटची काच घासायची, पण कशी?

प्रश्न : माझी गाडी 12 वर्षांची आहे. वाहन तपासणीत हेडलाइटवर शेरा मारून नापास केली. दोन्ही काचा धुरकट, पिवळट झाल्या आहेत, डावी जास्तच. बल्ब घरीच नवे घातले, तरी उजेड तेवढाच. टूथपेस्टने घासू, की जास्त वॉटचे बल्ब घालू?

उत्तर : ताई, जास्त वॉटचं आधी डोक्यातून काढा. धुरकट काचेतून उजेड पुढे कमी जातो आणि फाकतो जास्त, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार. शिवाय बल्बचा होल्डर उष्णतेनं वितळतो. असे कितीतरी होल्डर मी बदललेत.

आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लॅस्टिक. वर कारखान्यातच दिलेला पातळ थर असतो. उन्हानं तो झिजला की अतिनील किरण प्लॅस्टिकला पिवळं पाडतात. तुमची गाडी रोज डावी बाजू उन्हाला देऊन उभी राहत असणार, आठवून बघा.

काचेवर पाणी मारा. ओली असताना आतलं स्वच्छ दिसलं, तर खराबी बाहेरची, निघेल. तरीही धुरकटच दिसली किंवा आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल, तर घासण्यात हात मोडून घेऊ नका. अख्खा हेडलाइटच बदलावा लागेल.

टूथपेस्टनं काच चकाकते, पण थर काही परत येत नाही. थोड्याच दिवसांत पुन्हा पिवळी. त्यापेक्षा कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावा आणि पाणी मारत आधी 1000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा बारीक पॉलिश पेपर, फिरवा. ओघळणारं पाणी पिवळट आहे तोवर हाच पेपर. इथे काच ताकासारखी पांढरी होते आणि लोक घाबरून मला फोन करतात. घाबरू नका. पुढे त्याहून बारीक 1500, 2000, 3000 नंबरचे पेपर, मग पॉलिश. शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, हवाच. तो नसेल तर काच आधीपेक्षा लवकर पिवळी पडते, कारण उरलासुरला थरही तुम्हीच घासून काढलेला असतो.

आणखी एक. तपासणीत झोताची दिशाही बघतात. बल्ब तुम्ही घरी बसवलेत, तेव्हा ते खाचेत नीट बसलेत ना, बघा. संध्याकाळी सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, उजेडाची वरची कड दोन्हीकडे सारखी येते का, तेही पाहा. पुन्हा तपासणीला नेताना डिकी रिकामी करा. मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही.