वाचकांचे प्रश्न : दुसऱ्याच्या बँडमधला कॉल्ट्रेन

प्रश्न : सॅक्सोफोनवादक जॉन कॉल्ट्रेन यांनी अनेक वर्षे इतरांच्या बँडमध्ये ‘साइडमन’ म्हणून वाजवले, असे वाचले. साइडमन म्हणजे आपल्या मैफलीतला साथीदारच का? आणि स्वतःचा बँड उभारायला त्यांना इतका उशीर का लागला?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ‘साथीदार’ हा शब्द इथे अर्धाच लागू पडतो. आपला पेटीवादक गायकाला सांभाळत मागून जातो. जॅझमधला साइडमन मात्र बँड दुसऱ्याचा असला, तरी आपल्या वाट्याच्या आवर्तनांत स्वतःचा विस्तार मांडतो, किंबहुना त्यासाठीच त्याला घेतलेले असते.

कॉल्ट्रेन (जन्म १९२६) हे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्याकडे वाजवून १९५५ मध्ये दुसरे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या बँडमध्ये आले. व्यसनामुळे १९५७ मध्ये ती जागा गेली. त्याच वर्षी व्यसन सोडून ते न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या जॅझ क्लबमध्ये पियानोवादक थेलोनियस मंक यांच्यासोबत वाजवू लागले. मंक मध्येच पियानोवरून उठून जात आणि कॉल्ट्रेन यांना केवळ बेस व ड्रमच्या आधारावर पुढे जावे लागे. माझ्या मते स्वतः बँड चालवण्याची खरी तालीम त्यांना इथेच मिळाली. त्यांच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिकाही १९५७ चीच, त्यामुळे ‘उशीर’ हा शब्द मला तितकासा पटत नाही.

खरी गंमत १९५९ ची आहे. मार्च-एप्रिलमध्ये ते, पुन्हा डेव्हिस यांचे साइडमन म्हणून, ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेसाठी वाजवत होते, जिथे एकाच स्वरसप्तकावर निवांत रेंगाळता येते, आणि मे महिन्यात स्वतःच्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये असे वाजवत होते, की दर दोन मात्रांना कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा समूह) बदलावी आणि वादकाला दम घ्यायला उसंत मिळू नये. पुढे १९६० मध्ये डेव्हिस यांना सोडून त्यांनी स्वतःचा बँड उभारला तेव्हा मात्र त्यांनी वाट धरली ती साइडमन म्हणून शिकलेल्या पहिल्या पद्धतीची. त्या वर्षीच्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये मॅकॉय टायनर यांचा पियानो मोजक्या कॉर्ड घोळवत राहतो, एल्व्हिन जोन्स यांचे ड्रम मागे उसळत असतात, आणि कॉल्ट्रेन सोप्रानो सॅक्सोफोनवर नाटकातल्या एका साध्या गाण्याची चाल तेरा मिनिटांहून अधिक काळ उलगडत नेतात. (भारतीय संगीताचाही त्यांना ओढा होता, मुलाचे ‘रवी’ हे नाव रविशंकर यांच्यावरून ठेवलेले आहे.)

बँडनायक म्हणून त्यांना जेमतेम सात वर्षे मिळाली. जुलै १९६७ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ते गेले. आपण ‘काइंड ऑफ ब्लू’मधली पहिली रचना आधी ऐकावी. तीत डेव्हिस यांच्या ट्रम्पेटनंतर लगेच येतो, तो सॅक्सोफोन कॉल्ट्रेन यांचा.