कार्पल टनेलच्या प्रश्नावलीत रुग्ण नेमका कुठे अडखळतो

आपण लिहिले आहे की बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरातील आपल्या फिजिओथेरपी केंद्रात कार्पल टनेल सिंड्रोमच्या (मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जाऊन हाताला मुंग्या आणि बधिरपणा येतो त्या आजाराच्या) रुग्णांना बोस्टन प्रश्नावलीचे मराठी भाषांतर भरायला देता. भाषा दोनदा सोपी करूनही काही प्रश्न रिकामे राहतात, काही रुग्ण सगळीकडे मधल्याच रकान्यात खूण करतात, आणि शस्त्रक्रियेनंतर हात स्पष्टपणे सुधारलेल्या माणसाचेही गुण अपेक्षेइतके उतरत नाहीत. शब्द आणखी सोपे करावेत का, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात हातांच्या रुग्णांसोबत बरीच वर्षे काम करते, आणि माझे मत असे आहे की आता शब्दांवर आणखी मेहनत घेऊन फारसे हाती लागणार नाही. कोणता हात, कोणती बोटे, कोणते दिवस आणि कशामुळे, या चार गोष्टी रुग्णाला प्रश्नात सापडत नाहीत, आणि त्या सापडल्या नाहीत की तो अंदाजाने खूण करून मोकळा होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी, कारण तिच्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. १९९३ साली लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली बोस्टन प्रश्नावली आजाराची तीव्रता मोजण्यासाठी आहे; आजार आहे की नाही हे ठरवण्यासाठी ती केलेली नाही. तिच्यात लक्षणांचे ११ आणि हाताच्या कामांचे ८ प्रश्न आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण आहेत (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) आणि दोन्ही भागांची सरासरी वेगवेगळी काढायची असते. निदानाला मदत म्हणून कामथ आणि स्टॉदर्ड यांची २००३ ची प्रश्नावली आहे, आणि तिची रचना निराळी आहे. आपल्या कागदावर दोन्हींतले प्रश्न एकत्र आलेले दिसतात. ते वेगळे करावेत, कारण निदानाच्या प्रश्नात ‘कधीतरी असे झाले आहे का’ एवढे पुरते, तर तीव्रतेच्या प्रश्नात काळ बांधून द्यावाच लागतो.

सर्वांत जास्त घोटाळा रात्री जाग येण्याच्या प्रश्नात होतो. गेल्या दोन आठवड्यांतील एका नेहमीच्या रात्री हाताच्या दुखण्याने किती वेळा जाग आली, असा तो प्रश्न आहे आणि पर्याय आहेत एकदाही नाही, एकदा, २ ते ३ वेळा, ४ ते ५ वेळा आणि ५ हून अधिक वेळा. आता एखाद्या बाईंना पंधरवड्यात चार रात्री, प्रत्येक रात्री एकदाच जाग आली असेल, तर त्या चार रात्री मोजतात आणि ‘४ ते ५ वेळा’वर खूण करतात. त्यांना ४ गुण मिळतात. खरे उत्तर फार तर ‘एकदा’, म्हणजे २ गुण. लिहिलेले सगळे शब्द त्यांना समजलेले असतात, पण मोजायचे काय हे त्यांनी वेगळे धरलेले असते. यावर उपाय म्हणून मी या प्रश्नाच्या आधी, गुणांत न धरलेला, एक प्रश्न तोंडी विचारते: ‘गेल्या पंधरा दिवसांत किती रात्री हातामुळे झोप मोडली?’ रात्रींचा हिशेब तिथे एकदा सांगून झाला की मगच विचारायचे, ‘आता त्यांतली एक नेहमीसारखी रात्र डोळ्यांसमोर आणा. त्या एका रात्रीत किती वेळा उठलात?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर वेगळे नोंदून ठेवावे, कारण मनगटाला आधाराचा पट्टा लावून झोपायला सुरुवात केल्यावर आधी रात्रींची संख्या कमी होते आणि रुग्णाला तोच फरक सर्वांत आधी जाणवतो.

याच प्रश्नाला दुसरे एक वळण आहे. मधुमेही रुग्ण रात्री लघवीसाठी उठतात आणि उठल्यावर हात बधिर असल्याचे त्यांच्या लक्षात येते. ही हातामुळे आलेली जाग नव्हे. मधुमेह आणि कार्पल टनेल यांची सांगड नेहमीची असल्यामुळे असे रुग्ण थोडे नसतात. ‘हातामुळे जाग आली, की जाग आल्यावर हाताकडे लक्ष गेले?’ एवढे विचारले तरी पुष्कळ जण क्षणभर थांबतात आणि आधीचे उत्तर बदलतात. शिवाय जाग आल्यावर त्यांनी काय केले हेही ऐकून घ्यावे. हात पलंगाखाली सोडून झटकला की बरे वाटते, हे रुग्ण आपणहून सांगतात, आणि झटकण्याची ही खूण प्रिस-फिलिप्स यांनी १९८४ साली नोंदवल्यापासून निदानात उपयोगी मानली जाते.

‘गेले दोन आठवडे’ ही मुदतसुद्धा पुष्कळांच्या मनात धूसर असते आणि सगळ्यांत वाईट रात्रच तेवढी आठवते. मी कागदावर तारीख घालते, ‘अमुक तारखेपासून आजपर्यंत’ असे, आणि घरातल्या वयस्कर बायकांना मागच्या एकादशीपासून असे सांगते, कारण दोन एकादशांमध्ये साधारण पंधरा दिवसच असतात. उत्तरायणाच्या पतंगांनंतर किंवा दिवाळीच्या फराळानंतर आलेल्या रुग्णाच्या कागदावर तसा शेरा मारावा. तो पंधरवडा त्याच्या हातासाठी नेहमीचा नसतो.

दोन्ही हात दुखत असतील तर एकच कागद देऊ नये. रुग्ण कधी उजव्याचा विचार करतो, कधी जो जास्त दुखतो त्याचा, आणि एकाच कागदावर दोन हातांची सरमिसळ होते. लक्षणांचे प्रश्न प्रत्येक हातासाठी वेगळ्या रंगाच्या कागदावर द्यावेत. कामांच्या प्रश्नांना हे लागू पडत नाही, कारण बरणी उघडायला दोन्ही हात लागतात.

बोटांविषयी विचारले की ‘सगळा हात’ असे उत्तर येते आणि ते खोटेही नसते. झोपेतून उठलेल्या माणसाला तसेच वाटते. पण या आजारात दाबली जाणारी मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग एवढ्यांनाच संवेदना पुरवते, आणि करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही. तळव्याच्या मधल्या भागाकडे जाणारी फांदीही बोगद्याच्या आधीच फुटते, म्हणून तो भाग बहुधा सुटतो. यासाठी हाताचे चित्र हवेच. कात्झ आणि स्टिरॅट यांनी १९९० साली मांडलेली चित्राची पद्धत साधी आणि टिकाऊ आहे. तिथेही एक अडचण येते. कागदावर तळवे वर असलेले चित्र असते आणि रुग्ण आपला हात त्यावर पालथा ठेवून पाहतो, त्यामुळे डावे-उजवे उलटते आणि करंगळीच्या जागी अंगठा रंगवला जातो. चित्रात अंगठ्यावर ‘अंगठा’ असे लिहावे, रुग्णाला हात उताणा ठेवायला सांगावे, आणि रंगवण्याआधी ‘करंगळी दाखवा’ असे म्हणावे. हातात जाड पेन द्यावे. ज्याची चिमटीची पकड गेली आहे त्याच्याकडून बारीक पेनने बारीक चौकटी भरून घेणे मला पटत नाही, आणि रिकाम्या राहणाऱ्या शेवटच्या प्रश्नांचे एक कारण तेही असते.

कामांच्या भागात लिहिणे, कपड्यांची बटणे लावणे, वाचताना पुस्तक धरणे, टेलिफोन धरणे, बरणी उघडणे, घरकाम, बाजाराची पिशवी उचलणे आणि अंघोळ व कपडे करणे ही कामे आहेत. शेवटचा पर्याय हाताच्या त्रासामुळे काम मुळीच करता न येण्याचा आहे, परंतु ‘हे काम मी करत नाही’ असा पर्याय नाही. ज्या गृहस्थांनी कधी घरकाम केले नाही ते शेवटच्या चौकटीत खूण करतात. बाकीच्या सात प्रश्नांना त्यांचे २ गुण असतील तर सरासरी २ यायला हवी. एका चुकीच्या ५ मुळे ती १९ भागिले ८, म्हणजे जवळपास २.४ होते, आणि शस्त्रक्रियेनंतरही ती खूण तिथेच राहते. आपल्या तक्रारीतले न उतरणारे गुण काही अंशी इथे अडकले असावेत, असा माझा कयास आहे. जुने कागद काढून शेवटच्या पर्यायाची खूण शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही तशीच आहे का, हे पाहावे. पुढे असे काम रिकामे सोडू द्यावे आणि कारण शेजारी लिहावे.

उत्तरांचे पाच शब्द मात्र खरोखर तपासायला हवेत. पाच चिठ्ठ्यांवर ‘मुळीच नाही’, ‘थोडे’, ‘मध्यम’, ‘बरेच’, ‘अतिशय’ असे लिहून रुग्णाला त्या कमीकडून जास्तीकडे लावायला सांगा. ‘बरेच’ आणि ‘मध्यम’ यांची अदलाबदल होते हे आपल्याला लगेच दिसेल, आणि काहींना ‘बरेच’मध्ये ‘बरे’ ऐकू येते. ‘सौम्य’ हा पुस्तकी शब्द तर वापरूच नये. मधल्या रकान्याकडे कल असण्याचे मोठे कारण हेच आहे, की टोकाचे दोन पर्याय तेवढे स्पष्ट आहेत आणि ते आपले नाहीत एवढे रुग्णाला कळते.

बडोद्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. घरी मराठी बोलणारे आपले अनेक रुग्ण गुजराती माध्यमात शिकलेले असतात. ते देवनागरी वाचतात, पण अडखळत, आणि थकले की सोडून देतात. गुजरातीत ‘खाली चढवी’ म्हणताना मुंग्या आणि बधिरपणा दोन्ही त्यात येतात, तर प्रश्नावली त्यांना वेगळे गुण देते. म्हणून मी आधी विचारते, ‘टोचल्यासारखे होते, की स्पर्शच कळत नाही?’ आणि मग त्या दोन प्रश्नांकडे जाते. कागद वाचून दाखवायचा असेल तर प्रत्येक भेटीत वाचूनच दाखवावा. एकदा स्वतः भरलेला आणि एकदा मुलाने भरून दिलेला कागद यांची तुलना करता येत नाही.

नवे शब्द ठरवल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये; सगळे हो म्हणतात. ‘हाच प्रश्न तुमच्या जावेला विचारायचा असेल तर कसा विचाराल?’ असे म्हणावे आणि ती वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. भाषांतर नीट करायचे असेल तर बीटन आणि सहकाऱ्यांची २००० सालची पद्धत दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, दोन उलट भाषांतरे (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत), तज्ज्ञांची समिती आणि ३० ते ४० जणांवर चाचणी एवढे मागते. उलट भाषांतर जुळले म्हणजे काम झाले असे समजू नये. वर सांगितलेला जाग येण्याचा प्रश्न कितीही वेळा उलट-सुलट भाषांतरित केला तरी अगदी बरोबर निघतो.

मूळ प्रश्नांचे शब्द बदलून नाव तेच ठेवणे मात्र टाळावे, कारण मग आपले गुण दुसऱ्या कोणाच्याही गुणांशी ताडून पाहता येत नाहीत. प्रस्तावनेची वाक्ये, चित्र, तारीख आणि तोंडी पूर्वप्रश्न एवढी भर पुरेशी आहे. ती सर्व रुग्णांना आणि सर्व भेटींना सारखीच असावी.

शस्त्रक्रियेनंतरच्या कागदासाठी एक वाक्य अधिक लागते. टाक्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताच्या बुडाशी, काही आठवडे ते काही महिने दुखू शकते, आणि मुंग्या पूर्ण थांबलेला रुग्णसुद्धा दुखण्याच्या प्रत्येक प्रश्नात तेच दुखणे मोजतो. बोट ठेवून ‘टाक्याजवळ दुखते की बोटांत?’ असे विचारून ते शेजारी नोंदवावे आणि सरासरी पाहताना रात्रीच्या मुंग्यांचे दोन प्रश्न स्वतंत्रपणे वाचावेत. नस मोकळी झाली का, हे पहिल्या भेटीत तेच दोन प्रश्न अधिक खरेपणाने सांगतात.