वाचकांचे प्रश्न: पट्ट्या कापल्या, पण अपूर्णांक कळला का?

या वेळच्या पत्रांमध्ये सहावी ते आठवीच्या वर्गातल्या ॲक्टिव्हिटीबद्दलच जास्त विचारलंय, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: मॅडम, मी सहावीला गणित शिकवते. अपूर्णांकांच्या बेरजेसाठी मुलांकडून कागदाच्या पट्ट्या कापून घेतल्या, रंगवल्या, वहीत चिकटवल्या, दोन तास गेले पण मुलं एकदम खूश होती. आठवड्याने टेस्ट घेतली तर अर्ध्या वर्गाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. ॲक्टिव्हिटीचा खरंच उपयोग होतो का, की सरळ फळ्यावर गणितं सोडवून देऊ?

उपयोग होतो, पण हात ज्यात गुंतलेत त्यातच डोकंही गुंतलं असेल तर. त्या दोन तासांत मुलं कशाचा विचार करत होती ते जरा आठवून बघा. पट्टी सरळ कापली जातेय का, कुठला रंग द्यायचा, गोंद कुणाकडे आहे. किती भाग करायचे आणि कुठे कापायचं हे बहुतेक तुम्हीच सांगून टाकलं असेल, म्हणजे विचार करण्यासारखं जे होतं ते मुलांपर्यंत पोचलंच नाही.

आणि २/५ हे उत्तर मूल निष्काळजीपणाने लिहीत नाही हो. वरचे वरच्यात मिळवा, खालचे खालच्यात, असं त्याचं एक लॉजिक असतं, आणि ते मनात असतानाच वरून पट्ट्या चिकटवल्या तर ते तसंच राहतं. म्हणून आधी ते बाहेर येऊ दे. फळ्यावर बेरीज लिहा आणि प्रत्येकाला उत्तराचा अंदाज वहीत पेनने लिहायला सांगा, नंतर खोडायचा नाही. मग १२ सेंमीची पट्टी द्या. तिचा अर्धा भाग ६ सेंमी, तिसरा हिस्सा ४ सेंमी, दोन्ही एकापुढे एक ठेवले की १० सेंमी. १२ पैकी १०, म्हणजे ५/६. आता विचारा, २/५ अर्ध्यापेक्षा मोठा की लहान? लहान. मग अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं तरी उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? इथे वर्ग गप्प होतो. ही शांतता मला तरी अख्ख्या तासातली सगळ्यात मोलाची वाटते, ती स्वतः उत्तर देऊन मोडू नका.

त्यानंतर १० सेंमीची पट्टी देऊन तेच करायला सांगा. अर्धा भाग सहज मिळतो पण तिसरा हिस्सा मोजपट्टीवरच्या रेघांवर नीट बसतच नाही, आणि कुणीतरी म्हणतंच की मॅडम, ६ किंवा १२ किंवा १८ ची घेतली तर बसेल. समच्छेद, म्हणजे खालचे आकडे सारखे करणं, हा शब्द तेव्हा सांगा, त्याआधी नको. शेवटी पट्ट्या उचलून ठेवायच्या आणि १/४ + १/३ नुसत्या वहीत करायला लावायचं, आधी अंदाज, मग उत्तर. रंगकाम गाळलंत तर हे सगळं एका तासात आरामात बसतं. आठवड्याने पुन्हा एकच असं गणित घाला, फक्त एकच.

दशांश शिकवतानाही हाच घोळ होतो. आपण ०.१२५ ला बोलताना 'पॉईंट एकशे पंचवीस' म्हणतो, मग मुलाला ते ०.५ पेक्षा मोठं वाटलं तर त्याचं काय चुकलं? 'पॉईंट एक दोन पाच' म्हणायची सवय आधी आपणच लावून घेऊया.

प्रश्न: वर्गात काहीही विचारलं की तेच चार हात वर येतात. बाकीच्यांना बोलतं कसं करू? (सातवी, विज्ञान)

प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता ते एकदा घड्याळ लावून बघा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांच्या रेकॉर्डिंग ऐकल्या होत्या, त्यात शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब व्हायची, एरवी न बोलणारी मुलंही बोलायची. ३ सेकंद ऐकायला काहीच नाही पण फळ्यासमोर उभं राहून थांबायला ते खूप वाटतात, मनात सावकाश मोजा. आणि काही दिवस हात वर करणंच बंद ठेवा. आधी प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची, मग शेजारच्याला सांगायची, मग तुम्ही कुणाचंही नाव घ्यायचं. मूल तेव्हा घाबरत नाही कारण त्याच्याकडे सांगायला काहीतरी आधीच तयार असतं.

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. ग्रुप प्रोजेक्ट म्हटलं की सगळं काम हीच करते, बाकीचे नावं लिहून मोकळे. शाळेत बोलले तर म्हणतात यातून सहकार्य शिकतात.

तुमची तक्रार रास्त आहे. एक चार्ट आणि पाच मुलं असं असेल तर काम एकटंच मूल करणार, कारण ते एकट्याला जमण्यासारखं असतं. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये ऑस्टिनमधल्या शाळांत जिगसॉ नावाची पद्धत आणली, ती याच्यावर चांगली लागू पडते. धड्याचे पाच तुकडे करायचे, ग्रुपमधल्या प्रत्येकाला एकच तुकडा. ज्यांना सारखाच तुकडा मिळालाय ती मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या ग्रुपमध्ये परत जाऊन बाकीच्यांना शिकवतात. शेवटी टेस्ट मात्र प्रत्येकाची वेगळी आणि पूर्ण धड्यावर. मग प्रत्येकाने आपला तुकडा केल्याशिवाय कुणाचंच भागत नाही. वर्गशिक्षिकेला हे सुचवून बघा, तक्रार म्हणून नको, 'असं करून बघता येईल का' असं विचारा. आणि मुलीला सांगा की दुसऱ्याचा भाग अपुरा राहिला तर राहू दे, तो पूर्ण करणं तिचं काम नाही.

प्रश्न: लॅब नाही, साहित्य नाही, वर्गात पन्नास मुलं. प्रयोग कसे घ्यायचे?

एक सरळ काठी उन्हात उभी रोवा. ११ ते २ दर १५ मिनिटांनी दोन-दोन मुलांनी जाऊन सावलीच्या टोकावर खूण करायची आणि लांबी लिहायची. आधी अंदाज, सावली सगळ्यात लहान कधी असेल? जवळपास सगळी १२ लिहितील. बहुतेक ठिकाणी ते १२ ला येत नाही, थोडं आधी किंवा नंतर येतं, कारण आपलं घड्याळ मोठ्या भागासाठी ठरवून दिलेली एकच वेळ दाखवतं आणि सूर्य प्रत्येक गावाच्या माथ्यावर वेगवेगळ्या वेळी येतो. आलेल्या आकड्यांचा आलेख काढून घ्या, गणिताच्या तासाचंही काम होतं.

प्रश्न: मी आठवीत आहे. इतिहासाचा धडा चार-चार वेळा वाचते, तेव्हा सगळं येतं, पण परीक्षेत आठवत नाही. माझी मेमरी कमी आहे का?

अजिबात नाही गं. परत परत वाचलं की ओळी ओळखीच्या वाटायला लागतात आणि आपल्याला वाटतं की आलं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. ५ मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे पुढे होते, पण एका आठवड्याने लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होतं. तर तू धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिटव, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून काय राहिलं ते वेगळ्या रंगाने भर. पहिल्यांदा कागद अर्धा रिकामाच राहील, त्याने घाबरू नकोस. दोन दिवसांनी नवा कागद घे आणि त्याच धड्यावर पुन्हा लिही, आधीचा कागद न बघता.